किराणा ओळ, किराना ओली

नागपूरच्या इतवारीत किराणा ओळ आहे. मात्र सीताबर्डीहून ऑटोत बसलात तर तुम्ही म्हणणार ‘किराना ओली’, आणि ऑटोवालाही मान हलवून तिथेच नेणार. शेजारी सराफा ओली, पुढे लोहा ओली. लखनौ-अलाहाबादच्या माणसाला या ‘ओली’चा अर्थ लागत नाही, कारण हा शब्द मराठीचा आहे. ओळ म्हणजे एका मालाच्या दुकानांची रांग. हिंदीच्या जिभेवर ‘ळ’ नाही, म्हणून ओळीची ओली झाली, आणि ती इतकी रुळली की आता मराठी घरातली माणसंही ‘ओलीतून हळद आणली’ असं सहज म्हणतात. तीन नल चौकाचंही तेच. तिथले नळ मराठी होते की हिंदी, हे कुणी विचारत नाही. चौकाचं नाव ‘नल’ आहे.

गावातल्या पेठांच्या नावांपासूनच ही गुंतागुंत सुरू होते. पुण्यात सोमवार पेठ, बुधवार पेठ. नागपुरात इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. वारांची तीच कल्पना आणि तीच बाजारपेठेची चाल, पण शब्दाला मागून लागलेली ‘ई’ या गावाची. ‘इतवार’ हिंदीचा म्हणावा तर आमच्या आजीच्या तोंडचा ‘आइतवार’ही त्याच आदित्यवारातून आलेला.

मार्च २०२२ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईत हा वाद इंग्रजी पाट्यांचा होता. इतवारीत तो फार निराळा आहे. इथे पाटी आधीपासून देवनागरीतच असते. एखाद्या पाटीवर ‘किराना’ लिहिलंय आणि दुसरीवर ‘किराणा’, तर पहिली हिंदी आणि दुसरी मराठी. दोन भाषांची सीमा इथे एका अक्षरावर येते, ‘ण’ किंवा ‘ळ’. राज्यांच्या सीमा नद्यांवरून आणि डोंगरांवरून काढतात. इतवारीतली सीमा पेंटरच्या ब्रशाच्या टोकावर असते.

या सीमेशी माझं घरगुती नातं आहे. माझी आई अमरावतीकडची. ती ‘डोया’ म्हणायची. कचरा गेला तर ‘डोयात गेला’. आत्या नागभीडची. तिचा ‘डोरा’. शाळेत मात्र ‘डोळा’ लिहावा लागे, आणि वाचून दाखवताना मी ‘डोया’ म्हणालो की वर्गात हशा पिके. एका गुरुजींनी फळ्यावर मोठा ळ काढून मला दहा वेळा म्हणायला लावलं होतं. ती शरम मी कित्येक वर्षं बाळगली. पुढे कळलं की वऱ्हाडी बोलीत ळचा य होणं आणि झाडीबोलीत र होणं ही नियमाने चालणारी गोष्ट आहे. काळा, काया, कारा. फळ, फय, फर. चूक असती तर ती इतकी शिस्तीने झाली नसती.

म्हणून मी एकदा ओळीत मुद्दाम काळी मिरी मागत फिरलो. त्या एका जिनसात माझा सगळा प्रश्न मावत होता. गल्ल्यावरचे मारवाडी सेठ माझ्याशी बोलताना ‘काली मिर्च’ म्हणाले. पण आतल्या खोलीतून त्यांच्या वडिलांनी मालाची विचारणा केली तेव्हा शब्द आला ‘काळी मिरच’. स्वच्छ, ठसठशीत ळ. मी चमकलो, आणि मग चमकल्याचीच लाज वाटली. मारवाडीत ळ आहेच, ण तर जागोजागी आहे. गुजरातीतही काळाला ‘काळो’च म्हणतात. म्हणजे मराठी गिऱ्हाईक आणि मारवाडी दुकानदार, दोघांच्याही घरात ळ आहे. दोघं समोरासमोर आले की दोघंही तो बाजूला ठेवतात आणि ज्या भाषेत ळ नाही तिच्यात सौदा करतात.

इतवारीत ‘हिंदी बोलणारे व्यापारी’ असं आपण ज्यांना म्हणतो त्यांतल्या पुष्कळांची आईची भाषा हिंदी नव्हतीच. २०११ च्या जनगणनेत राजस्थानी सांगणारे सुमारे २ कोटी ५८ लाख आणि मारवाडी सांगणारे सुमारे ७८ लाख आहेत, आणि तक्त्यात हे दोन्ही आकडे ‘हिंदी’च्या बेरजेत आहेत. राजस्थानच्या विधानसभेने २००३ मध्ये राजस्थानीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत घ्यावं असा एकमुखी ठराव केला. ती अजून बाहेरच आहे. फाळणीनंतर जरीपटक्यात येऊन वसलेल्या आणि गांधीबागेच्या कापडबाजारात पाय रोवलेल्या सिंध्यांची भाषा १९६७ मध्ये अनुसूचीत गेली. तिला राज्य नाही, आणि नातवंडं हिंदीत बोलतात.

हे सगळं बघताना मला इटलीच्या उत्तर टोकाचं एक शहर आठवत राहतं, बोल्झानो. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. प्रांत जर्मन बोलणारा, राष्ट्र इटालियन. तोलोमेई नावाच्या गृहस्थाने हजारो गावांना, डोंगरांना, ओढ्यांना इटालियन नावं चिकटवली. फॅसिस्ट राजवटीने बोल्झानोत कारखाने उभारून बाहेरून कामगार आणले. आज त्या प्रांतात सुमारे ६९ टक्के लोक जर्मन भाषक आहेत, पण प्रांताची राजधानी असलेल्या बोल्झानो शहरात सुमारे ७४ टक्के इटालियन भाषक. देशात जर्मन अल्पसंख्य, प्रांतात इटालियन अल्पसंख्य, शहरात पुन्हा जर्मन अल्पसंख्य. कोण लहान आणि कोण मोठं, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. आणखी आतली गोष्ट अशी, की ते कामगार आले त्यांतले पुष्कळसे व्हेनेतोचे होते आणि घरी आपली व्हेनेतोची बोली बोलत. बोल्झानोत पाऊल ठेवल्यावर ते ‘इटालियन’ झाले, जसा राजस्थानातल्या शेखावाटीचा माणूस इतवारीत येऊन ‘हिंदीवाला’ झाला.

तिथे १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने हा गुंता सोडवायचा एक मार्ग काढला. पाट्या दोन भाषांत, सरकारी नोकऱ्या भाषक गटांच्या प्रमाणात, शाळा वेगवेगळ्या. शांतता आली, ही लहान गोष्ट नाही. साठच्या दशकात तिथे बॉम्ब फुटत होते. पण त्या व्यवस्थेत माणसाला आपण कोणत्या गटाचे हे लिहून द्यावं लागतं. ज्याची आई एकीकडची आणि बाप दुसरीकडचा, त्याने काय लिहायचं? डोंगरदऱ्यांतले लाडिन बोलणारे साडेचार टक्के आहेत. त्यांची भाषा या दोन्हींहून निराळी आहे, आणि त्यांना आपलं अस्तित्व दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

इतवारीनेही राजधानीचे दिवस पाहिले आहेत. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, आणि प्रांतिक समित्या भाषेवर उभारायच्या हे तिथे पक्कं झालं. मध्यप्रांत-वऱ्हाड हा सरकारी प्रांत एक, पण काँग्रेसच्या समित्या तीन झाल्या. हिंदीची महाकोशल, मराठीची नागपूर आणि मराठीचीच विदर्भ. एका भाषेच्या दोन समित्या झाल्या, हे मला फार बोलकं वाटतं. भाषा एक म्हणजे घर एक, असं ज्या गावात ठरलं त्याच गावात ते पुरतं खरं नव्हतं.

पुढे १९५० च्या कायद्याने या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा झाल्या. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. डॉ. रघुवीर इथेच बसून कारभाराची संस्कृतप्रचुर परिभाषा घडवत होते. जबलपूर-रायपूरचे कारकून, पत्रकार, लेखक नोकरीसाठी इथे येत. त्या गर्दीत दोन सख्खे भाऊ होते. गजानन माधव मुक्तिबोध, आधुनिक हिंदी कवितेतलं एक मोठं नाव, आकाशवाणीत आणि ‘नया खून’ साप्ताहिकात राबत नागपूरच्या गल्ल्यांतून हिंडत होते. धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ हे त्यांचे कवितासंग्रह, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी, आणि पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार. आई एक, घरची मराठी एक, गाव एक. एकाने हिंदी धरली, दुसऱ्याने मराठी. मुक्तिबोध घराण्यात भाषेची अस्मिता कुठे होती, असा प्रश्न मला कुणी केला तर मी दोघांच्या कविता शेजारीशेजारी ठेवीन. थोरल्याच्या हिंदीत मराठी वाक्याचा पीळ मला ऐकू येतो. हिंदीचे लोक त्याला मुक्तिबोधांची शैली म्हणतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. एका रात्रीत इतवारीतली हिंदी राजभाषेच्या गादीवरून उतरून भाषिक अल्पसंख्याकांची भाषा झाली. देशातली सर्वांत मोठी भाषा, आणि कायद्याने इथे अल्पसंख्य. राज्य हेच अल्पसंख्याक ठरवण्याचं माप, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात सांगितलं. त्यामुळे हिंदी भाषकांच्या शिक्षणसंस्थांना इथे भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळू शकतो. मराठी राज्याची भाषा झाली, तरी ओळीत सौदा करताना ती अल्पसंख्याकासारखी दबकून राहिली. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये भरलं तेही नागपुरातच. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, पेटला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. तेव्हा मुंबई-पुण्यातले मित्र फोन करून विचारत होते, नागपूरकर गप्प का? गप्प नव्हते. पण ज्या आईने लेकराला दुकानात ‘भैया, कितने का’ म्हणायला शिकवलं आणि देवघरात हरिपाठ शिकवला, तिला या भांडणात कोणत्या बाजूला उभं करायचं? मराठी मुलांवर सहा वर्षांच्या वयात तिसऱ्या भाषेचा भार नको, हे माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्या मतासाठी मला समोरच्या सेठला परका ठरवावं लागत नाही.

वेगळ्या विदर्भाचा प्रश्न युरोपातल्या माणसाला समजावणं सगळ्यांत अवघड. तिथे वेगळेपणाची मागणी म्हटली की लोक आधी भाषा शोधतात. कॅटलोनियाला कॅटलान, बास्कांना बास्क. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य व्हावं अशी शिफारस केली ती भाषेसाठी नव्हे. लोकनायक बापूजी अणे वणीचे मराठी, ब्रिजलाल बियाणी अकोल्याचे, मारवाडी घरातले, हिंदीचे कैवारी. दोघांनी मिळून विदर्भ मागितला. १९५३ च्या नागपूर कराराने दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचं मान्य झालं, आणि हिवाळ्यात ते आजही भरतं. अनुशेष, कापूस, पाणी, नोकऱ्या, हे या मागणीचे शब्द. याच्या जवळ येणारं उदाहरण स्कॉटलंडचं. २०१४ मध्ये स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेणाऱ्या त्या देशात गेलिक बोलणारे २०११ च्या जनगणनेत अवघे ५७ हजारांच्या आसपास होते. त्यांची राष्ट्रभावना इंग्रजीत बोलते. शेजारच्या वेल्समध्ये उलटं. तिथे २०२१ मध्ये ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श येते असं नोंदवलं, शाळा आहेत, दूरचित्रवाणी आहे, पण वेगळ्या राष्ट्राची मागणी स्कॉटलंडइतकी जोरदार नाही. भाषा राखली की राज्य मागावंच लागतं असं नाही, आणि राज्य मागायला वेगळी भाषा लागते असंही नाही. विदर्भातल्या काही मित्रांना वाटतं की वऱ्हाडीला स्वतंत्र भाषा म्हणून उभं केलं तर मागणीला बळ येईल. मला ते पटत नाही. बोलीला राजकारणाचा झेंडा केलं की तिची म्हातारी माणसं मागे पडतात आणि घोषणा तेवढ्या उरतात.

युरोपच्या परिषदेने १९९२ मध्ये प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांची सनद केली, १९९८ पासून ती लागू आहे. ती वाचताना मला सारखी इतवारी दिसत होती. सनदेच्या व्याख्येत राज्यभाषेच्या बोलींना जागा नाही, स्थलांतरितांच्या भाषांनाही नाही. हे माप इथे लावून बघा. वऱ्हाडी आणि झाडी मराठीच्या बोली, म्हणून बाहेर. मारवाडी, सिंधी बाहेरून आलेल्या, म्हणून बाहेर. मोमीनपुऱ्यातल्या विणकरांची उर्दू? त्यांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून इथे आले. किती पिढ्या गेल्या म्हणजे माणूस आलेला न राहता इथला होतो? तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौकातल्या हलबा कोष्टी विणकरांच्या बोलीचं काय? ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात हलबीही आहे आणि कोष्टींची बोलीही. या समाजाची ओळख बोलीवर नव्हे, अनुसूचित जमातींच्या यादीतल्या शब्दावर ठरली. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की यादीत ‘हलबा’ आहे, ‘हलबा कोष्टी’ नाही, आणि यादीत काही मिळवणं न्यायालयाच्या हातात नाही. त्या एका शब्दाभोवती हजारो घरांची शिक्षणं आणि नोकऱ्या अडकल्या होत्या.

इतवारी स्टेशनातून पूर्वी छोटी गाडी सुटायची. एक फाटा उमरेड, भिवापूर करत नागभीडला. माझी आत्या त्याच गाडीने यायची, भिवापुरी मिरचीचं गाठोडं घेऊन. डब्यात झाडीबोलीचा नुसता कल्लोळ. तो मार्ग रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला. दुसरा फाटा सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला जाई, तो २०१५ मध्ये थांबला आणि मोठा होऊन परतला. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं १९५६ ला मध्य प्रदेशातच राहिली. तिकडे मराठी अल्पसंख्य, इकडे हिंदी. एकाच गाडीच्या दोन टोकांना दोन उलटी अल्पसंख्यं, आणि मधल्या डब्यात सगळ्यांची एकच बोली: ‘मी जाऊन राहिलो’. हे वाक्य पुण्याला खटकतं. त्याची चाल हिंदीच्या ‘जा रहा हूँ’ची, सामान सगळं मराठीचं. दोन भाषांनी शेकडो वर्षं एका गाडीतून प्रवास केल्याचा तो पुरावा आहे. झाडीबोलीने पुढे स्वतःची साहित्य संमेलनं उभी केली आणि झाडीपट्टीची नाटकं अजून रात्रभर तंबू भरतात, याचा मला अभिमान आहे.

फ्रान्सची गोष्ट वाचली तेव्हा मला गुरुजींचा फळा आठवला. ब्रिटनीतल्या एका जोडप्याने २०१७ मध्ये बाळाचं ब्रेटन नाव नोंदवलं. त्या नावातल्या ‘न’वर लाटेसारखी एक रेघ होती. ती फ्रेंच लिपीत चालत नाही, म्हणून कोर्टाने नकार दिला. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने रेघ मान्य केली. २०२१ मध्ये संसदेने प्रादेशिक भाषांच्या बाजूने कायदा केला, तर घटना परिषदेने त्यातली अशा चिन्हांची तरतूद रद्द केली. प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे, हे वाक्य त्यांनी १९९२ मध्ये घटनेत घातलं होतं. एवढ्या मोठ्या राष्ट्राला एका तान्ह्या बाळाच्या नावावरची रेघ जड व्हावी, हे वाचून मी उदास झालो. आपल्याकडे असा खटला झालेला नाही. आपला ळ कुणी कोर्टात नेला नाही, तो रोजच्या सौद्यात हळूहळू ओलीत विरघळला.

मात्र या सगळ्या हिशेबात एका भाषेचं नावच आलेलं नाही. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. भोसले नंतर आले, इंग्रज त्यांच्यानंतर. ज्यांनी गाव वसवलं त्यांची गोंडी मला इतवारीतल्या एकाही पाटीवर दिसली नाही. २०११ मध्ये देशात सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, आणि ती आजही आठव्या अनुसूचीत नाही. रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळत मोतीरावण कंगाली यांनी नागपुरात बसून गोंडीचं व्याकरण, शब्द, धर्मकथा गोळा केल्या. त्यांचे काही निष्कर्ष वादग्रस्त आहेत, पण त्यांनी केलेली राखण खरी आहे.

स्पेनमध्ये कॅटलानला फ्रँकोच्या राजवटीत जवळजवळ चाळीस वर्षं गप्प बसवलं होतं. तीच कॅटलान पुढे स्वायत्त झाली, तेव्हा तिच्या हद्दीत आरान नावाची एक दरी होती. वस्ती दहा हजारांच्या आसपास, भाषा ऑक्सिटानची एक बोली, आरानी. २००६ च्या स्वायत्तता कायद्याने कॅटलोनियाने ती साऱ्या प्रदेशात राजभाषा मानली आणि २०१० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जिने दडपण सोसलं तिने आपल्याहून लहान भाषेला शेजारी बसवलं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. आता मला वाटतं की या राज्याने गोंडीसाठी एक कायदा करावा, गडचिरोलीच्या शाळांत पहिली चार वर्षं गोंडीतून शिकवावं, आणि नागपूरच्या महानगरपालिकेने निदान गोंड राजाच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोंडीत एक पाटी लावावी. घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या लहान मुलांना मातृभाषेत शिकवण्याची जबाबदारी राज्यांवर १९५६ पासूनच टाकलेली आहे.

दिवाळीच्या आठवड्यात मी पुन्हा ओळीत गेलो होतो, आईची यादी घेऊन. चिवड्याचे पोहे, खोबरं, जिरं, काळी मिरी पावशेर. गर्दीत माझ्या पुढे नागभीडकडच्या वाटाव्यात अशा दोन बाया उभ्या होत्या. त्यातल्या थोरलीने गल्ल्यावर विचारलं, ‘भाऊ, कारी मिरी कशी दिल्ली?’ सेठच्या त्या म्हाताऱ्या वडिलांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, बरणी पुढे ओढली, आणि कुठलीही भाषा न बदलता म्हणाले, ‘काळी मिरच, बाई? सांगतो.’ तिने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, आणि दुसरीला म्हणाली, ‘घे वो, चांगली हाय.’